दाराची रुंदी किती?

सरहद्दीवर, आफ्लाओच्या नाक्यावर एकतीस वर्षं मी लोकांच्या पेट्या उघडल्या. कस्टमच्या नोकरीत माणूस दोन गोष्टी शिकतो: भर उन्हात तासन्‌तास उभं राहणं आणि समोरच्याच्या एकाही शब्दावर विश्वास न ठेवणं. निवृत्त होऊन केप कोस्टला परतले तेव्हा पहिली सवय आपोआप सुटली. दुसरी मी सुटू दिली नाही, कारण आता माझं पोट तिच्यावरच आहे.

माझं घर गावातल्या पेडू भागात, पाण्याच्या टाकीमागे, हिरव्या फाटकाचं. मागच्या दोन खोल्यांत मी राहते. पुढचा मोठा हॉल आणि तीन खोल्या पाहुण्यांना देते, दोन रात्रींपासून दोन आठवड्यांपर्यंत. किल्ला बघायला येणारे परदेशी, अक्राहून सुट्टीला येणारी कुटुंबं, असे लोक. पेन्शन औषधांत जाते. बाकी सगळं त्या पुढच्या घरावर चालतं, आणि घर चालतं फोनमधल्या घरं भाड्याने लावणाऱ्या साइटवर.

गेल्या डिसेंबरात एका कॉलेजच्या मुलीने 'आम्ही सहा मैत्रिणी, परीक्षेचा अभ्यास' असं सांगून घर घेतलं. संध्याकाळी आवारात नव्वद तरी माणसं होती आणि पुस्तक एकही नव्हतं. समोरचे मिस्टर डाडझी म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि गल्लीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. त्यांनी साइटला पत्र लिहिलं, मुद्देसूद, परिच्छेदांना आकडे घालून. साइटचं मला उत्तर आलं: आणखी एक तक्रार आली, तर तुमचं घर यादीतून कायमचं काढू. तेव्हापासून प्रत्येक चौकशी मी पासपोर्ट तपासावा तशी तपासते.

तोंडावर 'नाही' मात्र म्हणत नाही. फार वेळा नकार दिला की साइट आपलं घर यादीत खाली ढकलते. म्हणून मी प्रश्न विचारते. कोण येणार, कशासाठी, कुठून? उद्या तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत. परवा पुन्हा. खोटं बोलणारा तिसऱ्या खेपेला कंटाळतो आणि आपणहून वाटेला लागतो. एका गृहस्थाला घर फक्त दोन तासांसाठी हवं होतं, बहिणीला आराम करायचा होता म्हणे. मी बहिणीचं नाव विचारलं, तर उत्तराला पंधरा मिनिटं लागली. एक पास्टर बारा माणसांच्या शांत प्रार्थनेसाठी विचारत होते आणि त्याच दमात अँप्लिफायरसाठी किती प्लग आहेत तेही. एका परदेशी मुलीने लिहिलं, मला फुकट राहू द्या, मी तुमच्या घराचे फोटो जगाला दाखवेन. मी लिहिलं, बाळ, फोटो माझ्याकडेही आहेत.

एफुआ माझ्याकडे चादरी धुते, घर झाडते आणि माझी थट्टा करते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण जीभ माझ्याहून मोठी.

"आंटी, तुम्ही मेलात की सेंट पीटरची नोकरी जाणार बघा," ती म्हणते. "स्वर्गाच्या दारात तुम्ही बसणार. कशासाठी आलात? किती दिवस राहणार? आधी कुठे राहत होतात?"

"आणि तुला दारातूनच परत पाठवणार."

"मला कशाला? आतल्या चादरी कोण धुणार मग?"

तर, एका सोमवारी फिलोमिना नावाच्या बाईची चौकशी आली. 'नमस्कार मॅडम. पुढच्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार. चार माणसं. घरच्या लोकांची भेट आहे. पुढच्या दाराची रुंदी किती?'

मी ते दोनदा वाचलं. आठ वर्षांत लोकांनी मला पाण्याचा दाब विचारला, इंटरनेट विचारलं, साप येतात का विचारलं. दाराची रुंदी कोणी विचारली नव्हती. मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी उत्तर दिलं: का?

'सामान मोठं आहे, मॅडम.'

मंगळवारपर्यंत आणखी प्रश्न आले. हॉलमधले सोफे बाहेर काढले तर चालेल का? हॉलचा एसी चांगला गार करतो का, तो न थांबता चालेल ना? शनिवारी पहाटे पाचला फाटक उघडं मिळेल का? आवारात बाहेरचा नळ आहे का? प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'मॅडम' आणि 'मनापासून आभार'. नाक्यावर मी एक शिकले होते, की ज्याची पेटी साफ असते तो कुरकुरतो. आभार मानतो तो वेगळा.

मंगळवारी एफुआने टेप धरला आणि मी दार मोजलं. दार दोन फळ्यांचं, दोन्ही उघडल्या तर पाच फूट.

"सिनेमावाले असतील," एफुआ म्हणाली. "कॅमेरा आत न्यायचा असेल. आंटी, मला एक छोटं काम मागा ना. मोलकरणीचं चालेल."

"सिनेमाला एसी न थांबता कशाला लागेल?"

"हिरॉइनसाठी."

"गप्प बस आणि विचार कर. माल लांबट आहे, म्हणून रुंद दार हवं. गरमीत खराब होणारा आहे, म्हणून एसी. लोकांनी बघू नये असा आहे, म्हणून पहाटे पाच. आणि धुवायला नळ." मी बोटांवर मोजत गेले. "मासे. परवानगीशिवायचे, बर्फातले, बंदराबाहेरून उतरवलेले. नाहीतर औषधं. आफ्लाओला एकदा मी मुदत संपलेल्या इंजेक्शनांचं आख्खं कपाट पकडलं होतं."

"आंटी, तुम्ही निवृत्त झालात, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?"

माझा हिशेब मला फार आवडला होता. सगळं बरोबर जुळत होतं. आज आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, कारण माझ्या गावात जन्मलेल्या कुठल्याही पोराला त्या पाच प्रश्नांचा अर्थ एका क्षणात कळला असता. पण पेट्या तपासून तपासून माझे डोळे फक्त पेट्याच बघायला शिकले होते.

बुधवारी मी तिला फोनवर तोंड दाखवायला लावलं. संशयी गिऱ्हाइकासाठी हा माझा शेवटचा नाका. तिशी-पस्तिशीची बाई दिसली, मागे शिवणयंत्र, गळ्यात मोजपट्टी. डोळे सुजलेले. मी मनात नोंद केली: झोप नाही, काळजी आहे, म्हणजे काहीतरी लपवतेय.

"राहता कुठे?"

"अबुराला, मॅडम."

"अबुरा? टॅक्सीने दहा मिनिटं. दहा मिनिटांवर स्वतःचं घर असताना माझं कशाला?"

"एकच खोली आहे, मॅडम. भाड्याची. पाहुणे मावणार नाहीत."

"कोण पाहुणे?"

"बाबांच्या घराण्यातले."

"मग बाबांना द्या फोन. घर त्यांच्या माणसांसाठी आहे, तर त्यांनी बोलावं. दुसऱ्याच्या नावावर बुकिंग मी घेत नाही, साइटचाही तसा नियम आहे."

"ते नाही बोलू शकणार."

"बरं. सामान कसलं आहे?"

"मॅडम, मी एक विचारू?" तिने माझा प्रश्न सरळ टाळला. "हॉलमध्ये किल्ल्याचं मोठं चित्र आहे ना, साइटवरच्या फोटोत दिसतं ते. ते दोन दिवस काढून ठेवता येईल का? आणि त्याच्या मागची भिंत... ती अजून तीच आहे ना? नंतर पाडून नवी नाही ना बांधलीत?"

मी काहीतरी पुटपुटून फोन बंद केला.

त्या चित्रामागे सोनंनाणं काही नाही. फक्त भिंत आहे आणि भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक वेडीवाकडी रेघ आहे, जुना गिलावा आणि नवा गिलावा जिथे भेटतात तिथली. घरावर छप्पर चढलं त्याच आठवड्यात मी ते चित्र तिथे लावलं आणि अठरा वर्षांत एकदाही उतरवलं नाही. रंग दिला तोही चित्राच्या कडेकडेने. ती रेघ बघायला मला आवडत नाही. ती तिथे आहे हे माहीत असलेली माणसं गल्लीतली, जुनी, आणि त्यांतली एकही फिलोमिना नव्हती. माझ्या घराच्या पोटातलं या परक्या बाईला कोणी सांगितलं?

त्या दुपारी मी फाटकाला दुसरं कुलूप आणलं.

शुक्रवारी सकाळी एफुआ न्याहारीला केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, घेऊन आली ती रडवेल्या तोंडाने. "आंटी, मला परकी समजलात ना? आख्ख्या पेडूला माहीत आहे आणि मला केंकेवालीने सांगावं? दोन केंके जास्त दिले तिने. म्हणाली, तुझ्या आंटीला सांग, देव बळ देवो."

"बळ कशाला?"

तिने उत्तर द्यायच्या आत फाटक वाजलं. मिस्टर डाडझी होते. टोपी हातात, आवाज खाली. डाडझींचा आवाज मी कधी खाली ऐकला नव्हता.

"मॅडम अराबा, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत," ते म्हणाले. "पण नियम तो नियम. पुढच्या शनिवारी गल्लीत कॅनोपी, खुर्च्या, स्पीकर, दोन-तीनशे माणसं. संघाला आधी कळवायला नको? डिसेंबरचं मी अजून विसरलेलो नाही. पुन्हा पत्र लिहायची वेळ माझ्यावर आणू नका."

"मिस्टर डाडझी, कोण गेलंय?"

ते गोंधळले. "तुमच्याकडचं... पोस्टरवर तर तुमचंच घर आहे."

मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. टाकीच्या भिंतीवर, टायरवाल्याच्या दारावर आणि केंकेवालीच्या खोपटावर तेच पोस्टर होतं, ताजं, अजून खळ ओली. मोठ्या अक्षरांत निधनवार्ता, मधे खांद्यावर कापड घेतलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. खाली लिहिलं होतं, शनिवारी सकाळी सहा ते दहा अंत्यदर्शन. स्थळ: हिरव्या फाटकाचं घर, पाण्याच्या टाकीमागे, पेडू.

लांबट. गार ठेवायचं. पहाटे आणायचं. आंघोळीला बाहेरचा नळ. आपल्याकडे माणूस महिनाभर शवागारातल्या फ्रिजमध्ये थांबतो, मग शनिवारी पहाटे घरी येतो, हॉलमध्ये सजवून ठेवला जातो, आणि सगळं गाव त्याच्यापुढून जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईला, भावाला असंच ठेवलं. आणि मी माशांचा विचार करत बसले होते.

संताप असा चढला की कानशिलं तापली. माझ्या घरात, मला न विचारता, मढं! किल्ला बघायला येणाऱ्याला कोणी सांगितलं की तू जेवतोस त्या हॉलमध्ये प्रेत होतं, तर तो दुसरी रात्र राहील का? डाडझींच्या एका पत्राचा अवकाश, की घर यादीतून बाहेर आणि मी रस्त्यावर. मी पोस्टर फाडायला हात वर केला आणि तेव्हा नाव वाचलं.

मिस्त्री क्वामेना एसेल. वय एकाहत्तर.

हात तसाच राहिला.

माझं घर त्याने बांधलं. मी तेव्हा आफ्लाओला होते, बांधकामावर लक्ष माझ्या भावाचं. सुट्टीत आले तेव्हा हॉलच्या भिंती उभ्या होत्या. भाऊ कानात म्हणाला, गवंडी सळया विकतोय, खांबात अर्ध्याच घालतो. पुरावा काही नाही. पण मला पुरावा कधी लागला होता? गल्लीतली माणसं जमली होती, मजूर होते, तेव्हा नोकरीत असलेले डाडझीही होते. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ही भिंत फोड. खांबासकट."

मिस्त्रीने एकदाच सांगितलं, "मॅडम, भिंत चांगली आहे. फोडू नका."

"चांगली आहे तर घाबरतोस कशाला?"

माझ्याहून तो तीन वर्षांनी मोठा होता, आणि मी त्याला अरे-तुरे करत होते. नाक्यावरची सवय. त्याने मजुराच्या हातून घण घेतला आणि भिंत स्वतः फोडली. सगळ्या सळया होत्या. जितक्या सांगितल्या तितक्या, जितक्या जाड सांगितल्या तितक्या जाड. गल्ली बघत होती. मी म्हटलं, "बरं. बांध परत." एवढंच. माफीचा शब्दही नाही. त्याने तीन दिवसांत भिंत पुन्हा उभी केली आणि ती रेघ राहिली. भाऊ आता नाही. त्याला खोटं का बोलावंसं वाटलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पोस्टर न फाडताच मी घरी आले आणि फिलोमिनाला लिहिलं: उद्या सकाळी या. तोंड दाखवा. खरं सांगा.

ती आली, साधा काळा झगा घालून, फाटकाच्या आत दोन पावलांवर उभी राहिली. मी ओट्यावर होते. तोंडात पहिला प्रश्न तयार होता. तेवढ्यात एफुआ आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि तिने तो माझ्याकडे बघत बघत फिलोमिनाच्या हातात दिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे दारी आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, मगच कशासाठी आलात ते विचारायचं. भिकाऱ्यालाही. या बाईला मी पाच दिवसांत वीस प्रश्न विचारले होते आणि पाणी एकदाही नाही. फोनवरून पाणी देता येत नाही हे खरं, पण तो फोनचा दोष, असं म्हणून मला सुटता येईना.

"बस," मी म्हटलं. ती पाणी प्यायली. मग मी विचारलं, "कशासाठी आलीस?"

"खोटं बोलले, त्याची माफी मागायला." "तुमच्याआधी सहा घरांना खरं सांगितलं होतं, आंटी. सहांनी फोन ठेवला. बाबांच्या घराण्याच्या घराला तीन वर्षं कोर्टाचं कुलूप आहे. आमचा घरमालक म्हणतो, प्रेत आत आणलंस तर सामान बाहेर टाकीन. घराण्याच्या प्रमुखांना मी सांगून बसले की घर ठरलंय, आणि त्यांनी पोस्टरं छापून टाकली. आता तारीख हलत नाही. बाबांना फ्रिजमधून काढून सरळ मातीत घालू का? ज्याला स्वतःचं दार नाही, त्याच्यासारखं?"

"बापाने पन्नास घरं तरी बांधली असतील. माझंच का?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता येईल ते. सगळं माहीत असणार हिला. सूड घ्यायलाच आलीय.

"त्यांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आजारात. म्हणाले, बाकीच्या घरांच्या भिंतींत मी काय घातलंय ते देवाला ठाऊक आणि मला ठाऊक. लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पण पेडूला एक घर आहे, त्याची भिंत फोडून बघितलीय. आख्ख्या गल्लीने बघितलीय. मला तिथे ठेव, त्या भिंतीला लागून."

"रागाने म्हणाले?"

"नाही, आंटी. अभिमानाने. आम्हा पोरांना ते लहानपणापासून ही गोष्ट सांगायचे. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनाही सांगायचे, मला लाज वाटायची."

एफुआ टेबलाचं फडकं घेऊन डोळे पुसत होती, आणि ते फडकं मीच सकाळी धुवायला सांगितलं होतं.

मी फोन काढला. फिलोमिनाची चौकशी उघडली आणि 'नकार' दाबला. साइटने कारण विचारलं. मी यादीतून निवडलं: ही विनंती घराच्या नियमांत बसत नाही. फिलोमिनाचा फोन तिच्या मांडीवर वाजला. तिने वाचलं, मान खाली घातली आणि उठायला लागली.

"खाली बस," मी म्हटलं. "भाड्याच्या घरातून कोणाची अंत्ययात्रा निघते का? ते पाहुण्यांचं घर शुक्रवारपासून बंद. तारखा मी अडवल्यात. आता ते माझं घर आहे, आणि माझ्या घरात मी कोणालाही बोलवीन. दार पाच फुटांचं आहे. अंत्यदर्शनाचा पितळी पलंग आत येईल."

डाडझींकडे मी स्वतः गेले. कोणाचा अंत्यविधी ते सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन माझ्या घराकडे बघायला लागले. "घण मारताना मी तिथेच होतो," ते म्हणाले. "मीही काही बोललो नव्हतो." पत्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण सगळं गोड झालं असं नाही. एका टूरवाल्याने पोस्टर वाचलं आणि त्याची दोन बुकिंगं काढून घेतली. पुढच्या महिन्याचा कॅलेंडरचा रकाना आजही रिकामा आहे.

शनिवारी पहाटे पाचला मी दोन्ही कुलपं काढली. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी चित्र मीच उतरवलं होतं. एफुआ म्हणाली, रेघेवर रंग मारूया का? मी म्हटलं, नको.

साडेसहाला मिस्त्री भिंतीला लागून पलंगावर होते, अंगावर रंगीत केंटे वस्त्र, हाताशी थापी. चित्राच्या खिळ्याला फिलोमिनाने त्यांचा ओळंबा टांगला होता. दोरी भिंतीला चिकटून वरपासून खालपर्यंत सरळ लोंबत होती. दार पूर्ण उघडं होतं आणि कॅनोपीखाली काळ्या-लाल कपड्यांत माणसं बसली होती, पहिल्या ओळीत डाडझी.

मी मागच्या दाराने आले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मी काळं नेसून बाहेर पडले, वळसा घालून फाटकातून आत आले आणि बसलेल्यांशी उजवीकडून हात मिळवत मिळवत घराण्याच्या प्रमुखांपर्यंत गेले. त्यांनी मला माझ्याच खुर्चीवर बसवलं. कोणीतरी माझ्याच ग्लासात पाणी दिलं. मी प्यायले. मग घराण्याच्या वतीने बोलणाऱ्या म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "बाई, तुम्ही कोण, कुठून आलात, आणि कशासाठी?"

एकतीस वर्षं मी हेच विचारत आले. उत्तर देणं इतकं जड असतं, हे मला माहीत नव्हतं.

"मी अराबा क्वान्सा," मी म्हटलं. "मागच्या खोलीतून आले. अठरा वर्षांपूर्वी मी मिस्त्रींवर चोरीचा आळ घेतला आणि ही भिंत फोडायला लावली. सळया सगळ्या होत्या. मी तेव्हा काही बोलले नाही. ते बोलायला आलेय."

आपल्याकडे पाहुण्याचं बोलणं म्हातारा पुन्हा मोठ्याने सगळ्यांना सांगतो, म्हणजे शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावं. तो काठीवर उठला. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, खरंच सांगू का, असं. मी मान हलवली.

"ऐका," तो भिंतीकडे आणि मग दाराबाहेरच्या लोकांकडे वळून म्हणाला. "अराबा क्वान्सा आल्यात. त्या म्हणतात, सळया सगळ्या होत्या."